ढाल म्हणून निवडलेली माणसे : ऑक्सफर्डच्या कुलपतींची आठ शतके

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या कुलपतींची यादी मराठी वाचकाने चाळली, तर शाळेच्या इतिहासात भेटलेली बरीच माणसे तिथे पुन्हा भेटतात. १८०३ मध्ये नगरचा किल्ला घेऊन पुढे असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली, म्हणजे नंतरचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, या यादीत आहे. १७७३चा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट ज्याच्या कारकिर्दीत आला तो पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ आहे. १८५८ मध्ये कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आले, तेव्हाचा पंतप्रधान लॉर्ड डर्बी आहे. दोनदा भारतमंत्री राहिलेला सॉल्झबरी, बंगालची फाळणी करणारा कर्झन आणि गांधीजींशी करार करणारा आयर्विनही आहेत. ज्या संस्थेचा धंदा शिकण्या-शिकवण्याचा, तिने आपले सर्वोच्च पद सेनापतींना, पंतप्रधानांना आणि व्हाइसरॉयांना का द्यावे?

याचे नेहमीचे उत्तर असे, की हे शोभेचे पद आहे आणि शोभेला मोठे नाव लागते. आजच्यापुरते ते बरेचसे खरे आहे, पण आठशे वर्षांना ते पुरत नाही. या पदाची खासियत अशी, की ते भरण्याचा अधिकार फार पूर्वीपासून विद्यापीठाच्याच लोकांकडे आहे. राजाने दबाव आणला, संसदेने डोळे वटारले, तरी निवड कागदोपत्री अध्यापकांची आणि पदवीधरांची राहिली. म्हणून प्रत्येक निवडीत त्या त्या वेळचा एक अंदाज दडलेला असतो : आज आपल्याला सर्वांत जास्त धोका कुणाकडून आहे, आणि मध्ये कोण उभा राहू शकेल? या नजरेने पाहिले, की ही यादी विद्यापीठाच्या भीतींची नोंदवही ठरते. ढाल म्हणून निवडलेली ही माणसे प्रत्यक्षात किती उपयोगी पडली, एवढा एक प्रश्न घेऊन हा आढावा आहे.

गाव आणि बिशप

पदाचा जन्मच एका दंगलीतून झाला. १२०९ मध्ये एका बाईच्या खुनावरून ऑक्सफर्डच्या गावकऱ्यांनी दोन-तीन विद्यार्थ्यांना फासावर चढवले. अध्यापक आणि विद्यार्थी गाव सोडून पांगले. त्यातले काही केंब्रिजला गेले आणि तिथे दुसरे विद्यापीठ उभे राहिले. पाच वर्षांनी, १२१४ मध्ये, पोपच्या प्रतिनिधीने तडजोड घडवली. गावाने विद्यार्थ्यांच्या खोल्यांची भाडी दहा वर्षे निम्म्यावर आणावीत, गरीब विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ५२ शिलिंग द्यावेत आणि सेंट निकोलसच्या सणाला शंभर गरीब विद्यार्थ्यांना जेवण घालावे, असे ठरले. त्याच करारात लिंकनच्या बिशपने नेमायच्या कुलपतीचा उल्लेख येतो. म्हणजे कुलपती मुळात बिशपचा माणूस.

पण लिंकन दूर, आणि कुलपती राहणार अध्यापकांमध्ये. हळूहळू अध्यापकच आपल्यातला एक जण निवडू लागले आणि बिशपकडे फक्त मान्यता देणे उरले. त्या मान्यतेवरूनही कुरबुरी होत राहिल्या. अखेर चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोपनेच ती अट काढून टाकली. या काळातला कुलपती गावात राहणारा, शिकलेला धर्मगुरू असे. तो न्यायनिवाडा करी, दंड ठोठावी, तुरुंगात टाकी, गावाबाहेर घालवी. पुढे संतपद मिळालेले दोघे, रिचर्ड ऑफ चिचेस्टर आणि टॉमस कँटिलूप, याच पदावर बसून गेले.

सत्तेचा कळस झाला तो पुन्हा रक्तपातानंतर. १० फेब्रुवारी १३५५ रोजी, सेंट स्कोलॅस्टिकाच्या दिवशी, चौकातल्या एका दारूच्या गुत्त्यात वाइनच्या दर्जावरून भांडण पेटले. पुढचे दोन-तीन दिवस गाव आणि विद्यापीठ यांच्यात उघड लढाई झाली. परंपरेने मृत विद्यार्थ्यांचा आकडा ६३ सांगितला जातो. राजाने कौल विद्यापीठाच्या बाजूने दिला. पाव आणि बिअर यांच्या किमती, वजने-मापे, बाजारातली लबाडी, या सगळ्यांवर कुलपतीचा अंमल आला. महापौराने साठ-बासष्ट नागरिकांसह दरवर्षी चर्चमध्ये येऊन प्रत्येकी एक पेनी वाहायची, ही शिक्षा १८२५ पर्यंत चालू होती. औपचारिक समेट १९५५ मध्ये, घटनेला सहाशे वर्षे झाल्यावर झाला. एका विद्यापीठाच्या प्रमुखाने गावाच्या बाजारावर हुकूमत गाजवली, ती अशी.

गाव दबले, पण चर्चचा धोका उरला. १३८२ मध्ये आर्चबिशप कोर्टनीने चर्चवर टीका करणाऱ्या जॉन विक्लिफची मते पाखंडी ठरवली आणि तो निर्णय ऑक्सफर्डमध्ये जाहीर करण्याचे काम कुलपती रॉबर्ट रिगवर आले. रिगने चालढकल केली, विक्लिफच्या अनुयायालाच प्रवचनाला उभे केले, आणि शेवटी आर्चबिशपसमोर गुडघे टेकून क्षमा मागितली. अध्यापकांमधून आलेला, अध्यापकांमध्येच राहणारा कुलपती गावाला पुरून उरला. मात्र राज्यपातळीवरच्या सत्तेपुढे त्याचे वजन फुंकरीने उडण्याइतकेच होते, हा धडा विद्यापीठाने त्यातून घेतला असावा.

दरबारातला आपला माणूस

पंधराव्या शतकात निवडीचा रोख बदलतो. १४५३ मध्ये जॉर्ज नेव्हिल कुलपती झाला, तेव्हा त्याचे वय विशीच्या आसपास होते. त्याची मुख्य पात्रता एवढीच, की तो इंग्लंडमधल्या सर्वांत बलाढ्य घराण्यातला होता. राजे बसवणारा आणि उठवणारा अर्ल ऑफ वॉरिक हा त्याचा भाऊ. त्यानंतर गावात राहणारा कुलपती दुर्मीळ होत गेला. दोन वर्षांची मुदत मागे पडून पद तहहयात होऊ लागले. रोजचा कारभार त्याचा मुखत्यार पाहू लागला, आणि तोच पुढे कुलगुरू म्हणून स्थिरावला. मुख्य माणूस लंडनला राजाजवळ, काम करणारा ऑक्सफर्डला, ही विभागणी आजही टिकून आहे.

दरबारी माणूस निवडण्यात जोखीम केवढी होती, हे केंब्रिजकडे पाहिले की लख्ख दिसते. तिथला कुलपती जॉन फिशर याचा १५३५ मध्ये शिरच्छेद झाला. त्याच्या जागी आलेल्या टॉमस क्रॉमवेलचा १५४० मध्ये, ड्यूक ऑफ सॉमरसेटचा १५५२ मध्ये, नॉर्थम्बरलँडचा १५५३ मध्ये आणि अर्ल ऑफ एसेक्सचा १६०१ मध्ये. सत्तर वर्षांच्या आत पाच कुलपती वधस्तंभावर गेले. त्या विद्यापीठाने दर वेळी तत्कालीन सर्वांत सत्ताधारी माणूस धरला, आणि ट्यूडर काळात सर्वांत सत्ताधारी माणसाचेच डोके सर्वांत आधी जात असे. याला ठळक अपवाद विल्यम सेसिल, लॉर्ड बर्ली. तो चार दशके केंब्रिजचा कुलपती राहिला आणि अंथरुणावर मेला.

ऑक्सफर्डचे नशीब बरे. एलिझाबेथ राणीचा लाडका रॉबर्ट डडली, अर्ल ऑफ लेस्टर, १५६४ पासून १५८८ पर्यंत कुलपती होता. १५६६ मध्ये त्याने राणीला ऑक्सफर्डला आणले. व्याख्याने, वादविवाद, नाटके झाली. एका नाटकाच्या वेळी गर्दीने भिंत ढासळून तीन माणसे दगावली, तरी खेळ पुढे चालला. राणीची मर्जी मिळाली, पण किंमतही मोजावी लागली. १५७० पासून लेस्टरने कुलगुरू नेमण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. १५८१ पासून प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला अँग्लिकन पंथाच्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागू लागली, आणि ती सक्ती पुढे पावणेतीनशे वर्षे कायम राहिली. संरक्षक म्हणून आणलेला माणूस घरात मालकासारखा वागू लागतो, याचा हा पहिला ठळक दाखला.

लॉड आणि त्याचे नियम

या यादीत खऱ्या अर्थाने राज्य केलेला शेवटचा कुलपती म्हणजे विल्यम लॉड. तो ऑक्सफर्डचाच, सेंट जॉन्स महाविद्यालयाचा माजी प्रमुख. १६३० मध्ये तो कुलपती झाला आणि १६३३ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप. शतकानुशतके साचलेले, एकमेकांना छेद देणारे नियम त्याने एकत्र करून १६३६ मध्ये नवी संहिता लागू केली. परीक्षा कशी घ्यायची, पोशाख कोणता, केस किती वाढवायचे, गुत्त्यात कुणी जायचे नाही, सगळे तिच्यात होते. महाविद्यालयांच्या प्रमुखांची साप्ताहिक बैठक त्याच्याच काळात बसवली गेली. अरबी भाषेचे अध्यासन त्याने निर्माण केले, बोडलियन ग्रंथालयाला तेराशेच्या आसपास हस्तलिखिते दिली आणि विद्यापीठाला पुस्तके छापण्याचा व्यापक शाही अधिकार मिळवून दिला. आजच्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसची मुळे त्या सनदेत आहेत.

लॉडला विद्यापीठाच्या तपशिलांत खराखुरा रस होता. तो लंडनहून सतत पत्रे पाठवून बारीकसारीक गोष्टींवर जाब विचारी. पण त्याची शिस्त आणि राजाची हुकूमशाही एकाच साच्यातली होती. १६४० मध्ये संसदेने त्याच्यावर महाभियोग आणला, १६४१ मध्ये त्याने कुलपतीपद सोडले आणि १० जानेवारी १६४५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. त्याची संहिता मात्र मोठ्या प्रमाणात १८५४ पर्यंत टिकली. माणूस गेला, पक्ष हरला, राजाचे डोकेही उडाले, आणि पोशाखाचे नियम उरले. संस्थांचा स्वभाव यातून कळतो.

जिंकणाऱ्याशी जुळवून घेणे

राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात ऑक्सफर्ड राजा चार्ल्सची राजधानी होते. राजा हरल्यावर संसदेच्या चौकशी मंडळाने विरोधी अध्यापकांना हाकलले आणि १६५० नंतर थेट ऑलिव्हर क्रॉमवेल कुलपती झाला. तो केंब्रिजचा विद्यार्थी, त्यातून शिक्षण अर्धवट सोडलेला. राजनिष्ठ ऑक्सफर्डला याहून कडू घोट नव्हता. तरी हिशेब पाहिला, तर हा काळ विद्यापीठाला फायद्याचा गेला. विद्यापीठे ही जुन्या व्यवस्थेची गढी म्हणून मोडून टाकावीत, असे म्हणणारे लोक त्या वेळी होते. सर्वांत मोठा सत्ताधीश स्वतः कुलपती असताना ते साधणे अवघड होते. वॉडम महाविद्यालयात जॉन विल्किन्सभोवती जमलेला प्रयोगवेड्यांचा गट याच वर्षांतला. पुढच्या रॉयल सोसायटीचे बीज त्यात होते. ढाल म्हणून सर्वांत उपयोगी ठरलेला कुलपती कोण, असे विचारले तर ऑक्सफर्डच्या परंपरेला न रुचणारे हेच नाव घ्यावे लागते.

राजेशाही परतल्यावर १६६० मध्ये एडवर्ड हाइड, लॉर्ड क्लॅरेंडन, कुलपती झाला. सात वर्षांत तोही परागंदा झाला. त्याने लिहिलेल्या यादवीच्या इतिहासाच्या विक्रीतून मात्र विद्यापीठाला पैसा मिळाला आणि छापखान्याची इमारत त्याच्या नावाने उभी राहिली. त्याच्या मागून आलेला आर्चबिशप गिल्बर्ट शेल्डन दोनच वर्षे पदावर होता. पण ख्रिस्टोफर रेनने बांधलेल्या शेल्डोनियन सभागृहाचा सारा खर्च त्याने उचलला. पदवीदान आजही तिथेच होते.

१६८८चा उन्हाळा या इतिहासातला सर्वांत चपळ क्षण. कॅथलिक राजा दुसरा जेम्स मॉडलिन महाविद्यालयावर आपली माणसे लादत होता. जुलैमध्ये कुलपती ड्यूक ऑफ ऑर्मंड वारला. राजाच्या मनात क्रूर न्यायाधीश म्हणून कुप्रसिद्ध असलेला जेफ्रीज होता. राजाचा हुकूम पोचण्यापूर्वीच विद्यापीठाने घाईघाईने मृत ऑर्मंडच्या नातवाला निवडून टाकले. त्याच वर्षअखेर जेम्सने देश सोडला. पण हाच नातू १७१५ मध्ये हद्दपार स्टुअर्ट घराण्याची बाजू घेऊन फ्रान्सला पळाला. विद्यापीठाने त्याच्या जागी त्याचाच भाऊ अर्ल ऑफ अरन निवडला आणि तो १७५८ पर्यंत राहिला. नव्या हॅनोव्हर राजांच्या दरबारात ऑक्सफर्डला त्रेचाळीस वर्षे कुणी वाली नव्हता. या वेळी विद्यापीठाने ढालीऐवजी झेंडा निवडला होता. १७७२ मध्ये पदावर असलेल्या पंतप्रधानाला, लॉर्ड नॉर्थला, कुलपती करून ती चूक सुधारली गेली. नॉर्थनंतरचा ड्यूक ऑफ पोर्टलंड हा सतीबंदीचा कायदा करणाऱ्या विल्यम बेंटिंकचा बाप.

सुधारणेची भीती

एकोणिसाव्या शतकात धोका राजाकडून नव्हता. तो संसदेतल्या सुधारकांकडून होता. म्हणून १८३४ मध्ये वेलिंग्टन. तो कोणत्याही विद्यापीठात शिकला नव्हता आणि लॅटिन भाषणात अडखळला. शिवाय १८२९ मध्ये पंतप्रधान असताना त्यानेच कॅथलिकांना संसदेची दारे उघडून ऑक्सफर्डला दुखावले होते. पण उमरावांच्या सभागृहात त्याचा शब्द चाले. पंथाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रवेश देणारे विधेयक त्याच वर्षी तिथे पडले. १८५० मध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला, तेव्हा महाविद्यालयांच्या बऱ्याच प्रमुखांनी असहकार केला आणि वेलिंग्टन त्यांच्या पाठीशी होता. १८५२ मध्ये अहवाल आला, त्याच सप्टेंबरात तो वारला आणि दोन वर्षांत कायदा झाला. लॉडची चौकट मोडली, प्रवेशासाठीची आणि पहिल्या पदवीसाठीची धर्मसही गेली. वाटर्लूच्या विजेत्याने वीस वर्षे वेळ काढला, एवढेच.

त्याच सुमारास केंब्रिजने उलटा डाव खेळला. १८४७ च्या अटीतटीच्या निवडणुकीत राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट निवडून आला आणि पुढच्या वर्षी निसर्गविज्ञानांची स्वतंत्र परीक्षा मंजूर झाली. कुलपतीला आतून सुधारणा घडवता येते, हे अल्बर्टने दाखवले. ऑक्सफर्डला तसा माणूस साठ वर्षांनी मिळाला, आणि तो होता कर्झन.

कर्झनची गोष्ट आपल्याला दोन बाजूंनी वाचता येते. १९०४ मध्ये त्याने भारतात विद्यापीठ कायदा आणला. सिनेटवर सरकारनियुक्त सदस्यांचे वर्चस्व आले, आणि कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याला कडाडून विरोध केला. १९०७ मध्ये तोच कर्झन ऑक्सफर्डचा कुलपती झाला. त्या उन्हाळ्यात त्याने मार्क ट्वेन, किपलिंग, रोदँ अशांना मानद पदव्या दिल्या. त्याच वर्षी उमरावांच्या सभागृहात विद्यापीठाच्या चौकशीची मागणी झाली. तेव्हा कर्झनने भूमिका घेतली, की विद्यापीठाने आपली सुधारणा आपणच करावी, म्हणजे सरकारला हात घालायला निमित्त मिळणार नाही. १९०९ मध्ये त्याने त्यावर ग्रंथभर निवेदन लिहिले. पुण्या-मुंबईत जी स्वायत्तता त्याला धोक्याची वाटली, ती ऑक्सफर्डला जपण्यासाठी त्याने रात्री जागवल्या. साम्राज्याचा दुटप्पीपणा इतक्या नेमकेपणाने एका माणसात क्वचित सापडतो.

स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध करणाऱ्या संघटनेचा पुढारी असूनही त्याने स्त्रियांना पदव्या द्याव्यात, अशी शिफारस केली. त्या १९२० मध्ये मिळू लागल्या. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्येच ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली होती. पदवी हाती पडायला त्यांना या बदलापर्यंत थांबावे लागले.

अधिकार गेला, चुरस वाढली

विसाव्या शतकात पदाचे अधिकार जवळपास संपले आणि निवडणुका मात्र रंगू लागल्या. १९२५ मध्ये माजी पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ, बेलियल महाविद्यालयाचा नामांकित विद्वान, लॉर्ड केव्हकडून हरला. १९३३ ते १९५९ हॅलिफॅक्स, म्हणजे आपला आयर्विन. १९६० मध्ये पदावरचे पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन आणि माजी राजदूत ऑलिव्हर फ्रँक्स यांच्यात लढत झाली. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी मॅकमिलन यांचा प्रचार एखाद्या पोटनिवडणुकीसारखा चालवला आणि ते थोडक्यात निवडून आले.

आता धोका पैशाचा होता. विद्यापीठे सरकारी अनुदानावर आली होती. जानेवारी १९८५ मध्ये शिक्षणखर्चातल्या कपातीच्या निषेधार्थ ऑक्सफर्डच्या अध्यापकांनी ७३८ विरुद्ध ३१९ मतांनी मार्गारेट थॅचर यांना मानद पदवी नाकारली. दोन वर्षांनी कुलपती निवडायची वेळ आली, तेव्हा थॅचर यांच्याच पक्षाचे पण त्यांचे कट्टर टीकाकार एडवर्ड हीथ, इतिहासकार रॉबर्ट ब्लेक आणि पक्ष सोडून नवा पक्ष काढलेले रॉय जेंकिन्स उभे होते. जेंकिन्स जिंकले. त्यांच्या आणि नंतर हाँगकाँगचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांच्या काळात कुलपतीचे मोठे काम देणग्या मिळवण्याचे झाले. सत्ताधाऱ्याला अडवणारा माणूस आता नको होता, श्रीमंतांच्या दारात ऐटीत जाणारा हवा होता.

२०२४ मध्ये पद तहहयात न राहता दहा वर्षांचे झाले. गाऊन घालून ऑक्सफर्डला येऊन मत देण्याची प्रथा गेली, मतदान ऑनलाइन झाले. ३८ उमेदवारांतून माजी परराष्ट्रमंत्री विल्यम हेग निवडून आले. नोंदीप्रमाणे ते १६०वे कुलपती. शेवटच्या पाचांत दोन स्त्रिया होत्या, पण यादीत अजून एकही स्त्री नाही.

हिशेब

एकंदर जमाखर्च असा दिसतो. संकटाच्या नेमक्या वेळी ढाल म्हणून उभा राहिलेला कुलपती विरळा. क्रॉमवेल आणि १६८८ची घाईची निवड ही दोन उदाहरणे ठाम, बाकीची संशयास्पद. बलवान माणसासोबत त्याचे शत्रूही घरात येतात, हे लॉडने दाखवले. बलवान माणूस बदल लांबवू शकतो, टाळू शकत नाही, हे वेलिंग्टनने. टिकाऊ काम केले ते ज्यांनी नियम, इमारत, ग्रंथ किंवा सुधारणेचा आराखडा मागे ठेवला त्यांनी.

मग इतकी शतके ही धडपड कशासाठी? कारण निवडण्याचा हक्क हीच मुख्य कमाई होती. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर स्थापन झाले, तेव्हा कायद्यानेच मुंबईचा गव्हर्नर कुलपती ठरला. पहिला लॉर्ड एल्फिन्स्टन. कुलगुरूपदी काशिनाथ त्र्यंबक तेलंग, मग रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशी माणसे आली. कुलपतीपद मात्र सत्तेला चिकटलेलेच राहिले, आणि महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती आजही राज्यपालच असतात. गाऊन, मिरवणूक, मंचावरची मधली खुर्ची हे सगळे सारखे, दिशा मात्र उलटी. ऑक्सफर्डचा कुलपती विद्यापीठाने सत्तेकडे पाठवलेला माणूस आहे, आपला कुलपती सत्तेने विद्यापीठाकडे पाठवलेला. कुलपतींच्या अधिकारांवरून आपल्याकडे वाद होतात, ते राज्यपाल की मंत्री, एवढ्यावरच फिरत राहतात. अध्यापकांनी आणि पदवीधरांनी आपला कुलपती निवडावा, ही तिसरी वाट त्या वादात येतच नाही. ऑक्सफर्डने ती कित्येक शतके वापरली. अनेकदा चुकीचा माणूस निवडला, पण चुकण्याचा हक्क दुसऱ्याच्या हाती जाऊ दिला नाही.